शेतीपंपाच्या मोटारीची मल्टिमीटरनें तपासणी

विहिरीवर अगर बोअरवर बसविलेली विजेची मोटार बंद पडली म्हणजे सामान्य शेतकऱ्यापुढें दोनच मार्ग असतात. एक, स्टार्टरचें हिरवें बटण पुनःपुन्हां दाबून पाहणें. दुसरा, गांवांतल्या किंवा तालुक्याच्या कारागिरास बोलावणें. पहिल्या मार्गानें पुष्कळ वेळां जी मोटार जळालेली नसते तीहि जळते. दुसऱ्या मार्गानें काम होतें खरें, परंतु कारागीर येईपर्यंत पिकाची पाळी चुकते. आणि येऊन त्यानें "मोटार गेली, वर काढावी लागेल" असें सांगितलें तर तें म्हणणें पारखण्याचें कोणतेंहि साधन आपल्या हातीं नसतें. दोनशें फूट खोलींतून पाणबुडी मोटार वर काढावयाची म्हणजे चार माणसें, चेनकप्पी आणि एक सबंध दिवस. एवढें करून मोटार निर्दोष निघाली व खोट पेटींतल्या फ्यूजच्या पकडीची होती असें ठरलें तर झालेला खर्च व करपलेलें पीक कोण भरून देणार? म्हणून साक्षर शेतकऱ्यानें मल्टिमीटर हें लहानसें यंत्र बाळगावें व वापरावयास शिकावें असें माझें मत आहे. कारागिराची जागा आपण घ्यावी असा यांत हेतु नाहीं. त्याच्याशीं बोलतांना आपल्याजवळ चार आंकडे असावेत एवढाच आहे.

विजेचा दाब, प्रवाह आणि रोध हीं तिन्ही एकाच यंत्रानें मोजण्याची कल्पना इंग्लंडांतील टपाल खात्यांतले एक इंजिनियर डोनाल्ड मॅकाडी यांची मानली जाते. निरनिराळीं मापकें वागविण्याचा त्यांस कंटाळा आला होता. त्यांच्या कल्पनेवरून झालेलें यंत्र १९२३ मध्यें विक्रीस आलें व अँपिअर, व्होल्ट, ओहम यांच्या आद्याक्षरांवरून त्यास ॲव्होमीटर हें नांव पडलें. आजचा आंकडे दाखविणारा खिशांतला मीटर हा त्याचाच वंशज होय.

या तीन गोष्टींचा अर्थ पाण्याच्या उपमेनें चटकन ध्यानांत येतो. टाकी जितकी उंच तितका पाण्यास जोर. तो दाब, म्हणजे व्होल्ट. नळींतून मिनिटास किती पाणी वाहतें तो प्रवाह, म्हणजे अँपिअर. नळी अरुंद असल्यानें जो अडथळा होतो तो रोध, म्हणजे ओहम. दाबास रोधानें भागिलें म्हणजे प्रवाह येतो, हा नियम जर्मन शास्त्रज्ञ ओहम यानें १८२७ मध्यें मांडला. मोटारीस कमीजास्त होणारी वीज लावली असतां हिशेब इतका सरळ राहत नाहीं, परंतु आपल्या तपासणीपुरता तो पुरेसा आहे.

मीटर घेतांना स्वस्ताईकडे पाहूं नये. तीन फेजच्या पेटीवर वापरावयाचा असल्यामुळें त्याच्या अंगावर "कॅट ३, ६०० व्होल्ट" अशी खूण असलेलाच घ्यावा. तारांचें वेष्टण कोठेंहि तडकलेलें नसावें. मीटरला बहुधा तीन छिद्रें असतात. "कॉम" असें लिहिलेल्या छिद्रांत काळी तार कायम राहते. दाब व रोध मोजण्यासाठीं लाल तार "व्ही" व ओहमचें चिन्ह असलेल्या छिद्रांत घालावी. हें चिन्ह घोड्याच्या नालासारखें दिसतें. तिसरें छिद्र १० अँपिअरचें असतें, आणि सर्वांत अधिक घात तेथेंच होतो. त्या छिद्रांत तार असतां मीटरच्या आंतला मार्ग जवळजवळ उघड्या तारेसारखा असतो. अशा स्थितींत त्याचीं टोकें दोन फेजांस लावलीं तर तो सरळ शॉर्ट होऊन मीटर हातांत फुटतो व डोळे, चेहरा भाजतो. शेतीच्या मोटारीचा प्रवाह त्या छिद्रानें मोजावयाचाच नसतो. सबब तेथें लाल तार कधींहि घालूं नये. घरांत मीटर आल्याबरोबर त्या छिद्रावर चिकटपट्टीचा तुकडा लावून टाकावा, म्हणजे मुलाच्या हातूनहि चूक होणार नाहीं.

तपासणीपूर्वी

रोध मोजतांना मीटर आपल्या लहानशा बॅटरीची वीज सोडून पाहत असतो. म्हणून रोधाची प्रत्येक चांचणी वीज पूर्ण बंद करूनच करावयाची. स्टार्टरचें लाल बटण दाबलें म्हणजे वीज बंद झाली असें नव्हे. मेन स्विच खालीं ओढावा, तिन्ही फ्यूज काढून आपल्या खिशांत ठेवावेत, आणि नंतर स्टार्टरच्या टोकांवर दाब मोजून तो शून्य असल्याची खातरी करावी. खातरी करण्याचीहि एक रीत आहे: प्रथम वीज असलेल्या ठिकाणीं मीटर लावून तो आंकडा दाखवितो हें पाहावें, मग बंद जागीं लावावा, आणि पुन्हां एकदां चालू जागीं लावून पाहावा. मधल्या वेळांत मीटरच बिघडला किंवा तार सुटली तर तोहि शून्यच दाखवील, आणि त्या शून्यावर विसंबून माणसें मेलीं आहेत.

आपल्याकडे पुष्कळ पेट्यांत ऑटोस्विच बसविलेला असतो. वीज आली कीं मोटार आपोआप सुरू व्हावी, रात्रीं उठून जावें लागूं नये, हा त्याचा उपयोग. परंतु ज्याच्या पेटींत तो आहे त्यानें "आतां वीज नाहीं, बघून घेऊं" असें म्हणून हात घालणें म्हणजे उघड्या दाढेंत हात घालणें होय. भारनियमन संपण्याची वेळ आपल्याला ठाऊक असली तरी वाहिनी त्या वेळेची बांधील नसते. तपासणीपूर्वी ऑटोस्विच बंद करावा व फ्यूज काढावेतच. पाय ओले नसावेत, पायांत रबरी तळव्याची चप्पल किंवा बूट असावा, खालीं कोरडी फळी असावी. चालू विजेवरील मोजमाप करतांना दुसरा माणूस जवळ उभा असावा. डीपी व खांबावरील काम मात्र वीज कंपनीच्या माणसाखेरीज कोणींहि करूं नये. तेथें मीटर असला काय आणि नसला काय.

पुरवठा

मोटारीवर संशय घेण्यापूर्वी विजेवर घ्यावा. बंद पडलेल्या मोटारींची कारणें पाहूं गेल्यास खोट पुष्कळदां मोटारीच्या अलीकडेच आढळते. मीटरचा खटका कमीजास्त होणाऱ्या विजेच्या ("व्ही"वर नागमोडी रेघ असलेल्या) ७५० किंवा ६०० व्होल्टच्या खुणेवर ठेवून तिन्ही फेज जोडीजोडीनें मोजावेत: लाल-पिवळा, पिवळा-निळा, निळा-लाल. आपल्या देशांत दोन फेजांमधील दाब ४१५ व्होल्ट व एक फेज आणि न्यूट्रल यांमधील सुमारें २४० व्होल्ट धरलेला आहे. सहा टक्क्यांची तफावत क्षम्य मानतात, म्हणजे ३९० पासून ४४० पर्यंत चालावयास हरकत नाहीं. याहून दाब पुष्कळ खालीं गेला तर मोटारीचा जोर त्या प्रमाणांत नव्हे, तर त्याच्या वर्गाच्या प्रमाणांत घटतो. ४१५ ऐवजीं ३४० व्होल्ट मिळाले तर सुरू होतांना मोटारीस नेहमींच्या सुमारें दोन तृतीयांश जोरच मिळतो. ती गुरगुरते, प्रवाह जास्त ओढते आणि तापते. अशा वेळीं बटण दाबीत राहणें म्हणजे स्वतःच्या हातानें वाइंडिंग भाजणें होय.

तिन्ही जोड्यांचा दाब समान आहे कीं नाहीं हें पाहणें तितकेंच महत्त्वाचें आहे. समजा ४००, ४१० व ३९० असे आंकडे आले. सरासरी ४००, सरासरीहून सर्वांत जास्त फरक १०, म्हणजे विषमता अडीच टक्के. ही विषमता दिसावयास क्षुल्लक दिसते, पण तिच्यामुळें तिन्ही तारांतील प्रवाहांत जी विषमता येते ती तिच्या कित्येक पट असते, आणि मोटारीच्या उष्णतेंत होणारी टक्केवारी वाढ विषमतेच्या वर्गाच्या साधारण दुप्पट धरतात. अडीचचा वर्ग सव्वासहा, त्याची दुप्पट साडेबारा. साडेतीन टक्के विषमता असली तर हीच वाढ पंचवीस टक्क्यांच्या घरांत जाते. म्हणून फरक एक-दोन टक्क्यांहून अधिक दिसल्यास तो आंकडा कागदावर लिहून, वेळ घालून, वीज कंपनीच्या शाखेंत लेखी तक्रार द्यावी. "व्होल्टेज कमी येतें" या तोंडी तक्रारीचें जें होतें तें सर्वांस ठाऊक आहे. आंकडे व वेळ असलेला अर्ज मात्र आवक-नोंदींत चढतो व त्याची पोंच मागतां येते.

एक फेज गेला असतां काय होतें हेंहि येथेंच सांगतों. मोटार बंद असतां फेज गेला तर ती सुरूच होत नाहीं, नुसती घुमते. चालू असतां गेला तर मात्र ती फिरतच राहते, व उरलेल्या दोन तारांतून सुमारें पावणेदोन पट प्रवाह ओढून थोड्याच वेळांत जळते. यासाठीं पेटींत सिंगल-फेज प्रिव्हेंटर असतो. परंतु दोन फेजांवर कंडेन्सर लावून मोटार चालविण्याच्या हव्यासानें पुष्कळांनीं तो काढून टाकलेला असतो. रात्रीं पिकास पाणी देण्याची निकड मी नाकारीत नाहीं. पण ज्यानें हा रक्षक काढला त्यानें मोटार भरण्याचा खर्च आधींच बाजूस ठेवावा.

फ्यूज तपासतांना एक फसगत होते. गेलेल्या फ्यूजच्या पलीकडेहि मीटर कधीं कधीं दाब दाखवितो. पेटींतील दिवे, स्टार्टरची कॉइल अगर चालू मोटारीचें वाइंडिंग यांतून फिरून वीज त्या टोकाशीं येते. तसेंच, आंकड्याच्या मीटरचा स्वतःचा रोध फार मोठा असल्यामुळें नुसत्या शेजारून गेलेल्या सुट्या तारेवरहि तो साठ-सत्तर व्होल्ट दाखवूं शकतो. ती वीज खरी नसते, दिवा लावला तर पेटत नाहीं. याकरितां फ्यूज काढून घेऊन रोधाच्या खुणेवर त्याच्या दोन टोकांना मीटर लावावा. शून्याच्या जवळ आंकडा आला अगर शिट्टी वाजली तर फ्यूज शाबूत. "१" किंवा "ओएल" असें दिसलें तर मार्ग तुटलेला. किटकॅटमध्यें योग्य तारेऐवजीं केबलचे दोन-चार पिळे घातलेले दिसले तर मीटरची गरजच नाहीं; ते आधीं काढावेत.

स्टार्टर

वीज बंद ठेवून स्टार्टरचा कॉन्टॅक्टर बोटानें आंत दाबावा (झांकणांत त्यासाठीं जागा असते) व वरचें आणि खालचें टोक यांमध्यें रोध मोजावा. तिन्ही मार्ग शून्याजवळ आले पाहिजेत. एखादा दोन-चार ओहम दाखवीत असेल, किंवा कधीं शून्य तर कधीं ओएल असा हेलकावत असेल, तर त्याचा ठोकळा जळालेला आहे. सदोष ठोकळा कानशीनें घांसून पुन्हां बसविण्याची आपली संवय चांगली नाहीं. त्यावरचा चांदीचा मुलामा एकदां गेला कीं तांबें लवकर जळतें, आणि एक मार्ग बंद पडला म्हणजे वर सांगितलेली एक फेज जाण्याची आपत्ति आपल्याच पेटींत निर्माण होते.

स्टार्टरची कॉइल दोन फेजांवर चालणारी असते. तिचा रोध शेंकड्यांत किंवा हजारांत असतो. ओएल आलें तर तार तुटली. अगदीं थोडे ओहम आले तर आंतून शॉर्ट झाली. ओव्हरलोड रिलेचा बंद राहणारा मार्ग (९५ व ९६ हे आंकडे असलेलीं टोकें) शून्याजवळ यावा. तो उघडा असेल तर रिले पडलेला आहे. थंड झाल्यावर रिसेट दाबून पाहावें. रिलेची दांडी मोटारीच्या पाटीवर लिहिलेल्या अँपिअरवर ठेवलेली असावी. "वारंवार ट्रिप होतें" म्हणून ती सर्वांत वरच्या आंकड्यावर सरकविलेली मीं अनेक पेट्यांत पाहिली आहे. तसें केल्यावर रिले असून नसल्यासारखाच.

केबल व मोटार

आतां मुख्य भाग. स्टार्टरच्या खालच्या बाजूच्या मोटारीकडे जाणाऱ्या तीन तारा सोडवाव्यात. मीटर २०० ओहमच्या खुणेवर ठेवून प्रथम त्याचीं दोन टोकें एकमेकांस लावावीत, ०.३ ओहमसारखा जो आंकडा येईल तो मीटरच्या तारांचाच रोध होय, तो पुढील प्रत्येक आंकड्यांतून वजा करावा. मग तीन जोड्या मोजाव्यात. पांच अश्वशक्तीच्या मोटारीस हा रोध थोड्या ओहमांतच येतो. नेमका किती यावा हें बनावटीवर व गुंडाळीवर अवलंबून असतें. आपल्याला आंकड्याहून त्यांची समानता पाहावयाची आहे. ४.२, ४.३, ४.२ असे आले तर वाइंडिंग सारखें आहे. एक जोडी ४.२ आणि दोन जोड्या ओएल आल्या तर एक तार तुटलेली आहे, आणि ती कोणती हें उघड आहे: जी दोन्ही ओएलच्या जोड्यांत समाईक आहे ती. ४.२, ३.६, ३.६ असें काहीं आलें तर आंतले फेरे एकमेकांस चिकटल्याचा संशय घ्यावा. थोडेच फेरे चिकटले असतील तर साध्या मीटरच्या दशांश ओहमांत तो फरक सांपडत नाहीं, ही त्याची मर्यादा आहे.

केबलचा रोधहि यांत मिळालेला असतो हें विसरूं नये. अडीच चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध शंभर मीटरला सुमारें पाऊण ओहम असतो. साठ मीटर खोलीवर मोटार असेल तर एका तारेचा सुमारें ०.४५, आणि मोजतांना दोन तारा येतात म्हणून ०.९ ओहम. म्हणजे वर ४.२ आले तर वाइंडिंगचा वांटा ३.३ च्या आसपास. तांबें तापल्यानें रोध दर दहा अंशांस सुमारें चार टक्के वाढतो. म्हणून नुकत्याच बंद केलेल्या मोटारीचे व सकाळच्या थंड मोटारीचे आंकडे ताडून पाहूं नयेत.

मोटार मोठी असून स्टार-डेल्टा स्टार्टर असेल तर सहा तारा येतात. सर्व सोडविल्या म्हणजे त्यांच्या तीनच जोड्या लागल्या पाहिजेत व तिन्हींचा रोध सारखा असावा. एका जोडीचा दुसऱ्या जोडीशीं कांहींहि संबंध दिसतां कामा नये.

यापुढची चांचणी जमिनीशीं. मीटर सर्वांत मोठ्या ओहमच्या खुणेवर ठेवून एक टोक मोटारीच्या तारेस व दुसरें बोअरच्या लोखंडी केसिंगला अगर अर्थिंगच्या तारेस लावावें. प्लॅस्टिकच्या पाइपावर सोडलेल्या मोटारीस पाइपाचा उपयोग नाहीं, अर्थिंगच घ्यावें. आंकडा हजारांत किंवा त्याहून खालीं आला तर वीज जमिनींत उतरत आहे हें निश्चित. ओएल आलें तर मात्र "सर्व ठीक" असें म्हणूं नये. मल्टिमीटर ही चांचणी दोन-तीन व्होल्टांवर करतो, आणि मोटार चालते ४१५ वर. ओलसर सांधा किंवा चिरलेलें वेष्टण लहान दाबाला दाद देत नाहीं, मोठा दाब आला कीं फुटतें. यासाठीं ५०० व्होल्ट देणारा मेगर नांवाचा वेगळा मापक असतो, आणि त्यावर निदान एक मेगओहम, म्हणजे दहा लाख ओहम, आला पाहिजे. मेगर प्रत्येकानें घेण्याचें कारण नाहीं. दहा-बारा शेतकऱ्यांनीं अगर सोसायटीनें मिळून एक ठेवला तरी पुरे.

मेगरनें खोट दिसली तरीहि मोटार भरावयास देण्याची घाई करूं नये. आमच्या भागांत कांद्याच्या हंगामांत एका बागाईतदाराची मोटार दर पंधरवड्यास रिले पाडूं लागली. मोटार वर काढून भरून आणली, सोडली, आणि पुन्हां तेंच. तिसऱ्या खेपेस एका वयस्क वायरमननें मोटार व केबल यांचा सांधाच तोडला व दोन्ही वेगवेगळीं मोजलीं. मोटार निर्दोष होती. खोट त्या टेप गुंडाळलेल्या सांध्यांत होती. पहिल्या खेपेसही बहुधा तीच असावी. सांधा पाण्याखालीं असतो व मोटारीच्या बदलीबरोबर तोच टेप, तीच रीत पुन्हां वापरली जाते. म्हणून मोटार वर आल्यावर प्रथम सांधा तोडून मोटार एकटी व केबल एकटी अशी तपासणी आपल्यासमोर करून घ्यावी. नवा सांधा झाल्यावर तो पाण्याच्या पिंपांत तासभर बुडवून, टोकें कोरडीं ठेवून, तार व पाणी यांमध्यें मेगर लावून पाहावा, मगच मोटार खालीं सोडावी. या तासाभराकरितां कारागीर कुरकुर करतात, करूं द्यावी.

एक फेजची मोटार

घराजवळच्या लहान विहिरीवर एक फेजची मोटार असते. तिच्या तीन तारांपैकीं सर्वांत जास्त रोध ज्या जोडींत येतो ती सुरू करणारी व चालविणारी वाइंडिंग यांचीं टोकें. उरलेली तिसरी तार समाईक. समाईक तारेपासून कमी रोध चालविणाऱ्या वाइंडिंगचा, जास्त रोध सुरू करणाऱ्या वाइंडिंगचा. दोहोंची बेरीज पहिल्या जोडीइतकी आली पाहिजे: उदाहरणार्थ, ३ व ७ असतील तर १०.

या मोटारीची खोट पुष्कळदां कंडेन्सरमध्यें असते. वीज बंद केल्यावरहि त्यांत वीज सांठून राहते, म्हणून त्याच्या दोन टोकांस जुन्या तंतूचा विजेचा दिवा क्षणभर जोडून ती काढून टाकावी. एलईडी दिव्यानें हें काम नीट होत नाहीं. पेचकस आडवा घालून ठिणगी पाडण्याची रीत कंडेन्सरलाहि वाईट व डोळ्यांनाहि. मीटरला कंडेन्सर मोजण्याची सोय असेल तर अंगावर लिहिलेल्या मायक्रोफॅरडशीं आंकडा ताडावा. ३६ लिहिलेला कंडेन्सर ३० दाखवीत असेल तर तो बदलावा. सोय नसेल तर रोधाच्या मोठ्या खुणेवर लावून पाहावें: आंकडा शून्याजवळून चढत चढत ओएलला गेला तर ठीक, शून्यावरच राहिला तर शॉर्ट, प्रथमपासून ओएल तर आंतून तुटला. फुगलेला अगर तेल गळणारा कंडेन्सर मोजीत बसूं नये.

प्रवाह

चालू मोटारीचा प्रवाह चिमट्यासारख्या तोंडाच्या क्लॅम्प मीटरनें, तार न तोडतां, मोजावा. चिमट्यांत एकच तार घ्यावी; तिन्ही घेतल्यास शून्य दिसेल. पांच अश्वशक्तीच्या तीन फेज मोटारीस पूर्ण भारावर साधारण साडेसात ते आठ अँपिअर लागतात; पाटीवरचा आंकडा प्रमाण मानावा. तिन्ही तारांत प्रवाह विषम आला तर दोष विजेचा कीं मोटारीचा हें ठरविण्याची एक सुंदर युक्ति आहे. वीज बंद करून मोटारीच्या तिन्ही तारा स्टार्टरवर एकेक घर पुढें सरकवाव्यात; पहिली दुसऱ्या जागीं, दुसरी तिसऱ्या, तिसरी पहिल्या. यानें फिरण्याची दिशा बदलत नाहीं. आतां पुन्हां मोजावें. जास्त प्रवाह स्टार्टरच्या त्याच टोकावर राहिला तर विषमता पुरवठ्याची. तो मोटारीच्या तारेबरोबर सरकला तर मोटार अगर केबल सदोष. दोनच तारांची अदलाबदल मात्र करूं नये, मोटार उलटी फिरेल. डीपीची दुरुस्ती झाल्यानंतर पाणी एकाएकी कमी झालें तर तेथें फेजांची अदलाबदल होऊन मोटार उलट फिरत असण्याचा संभव आधीं पाहावा.

नोंद

वरील सर्व आंकडे मोटार चांगली असतांना घेतलेले असावेत, तरच बिघाडाच्या दिवशीं त्यांचा उपयोग. पिकाची पाहणी हंगामांतच करून गांव नमुना बारामध्यें चढवावयाची असते. २०२१ पासून ती शेतकरी स्वतः मोबाइलवरून करूं लागले. त्याच धर्तीवर मोटारीचाहि एक नमुना ठेवावा. तारीख, वेळ, तीन जोड्यांचा दाब, तीन तारांचा प्रवाह, तीन जोड्यांचा रोध, मेगरचा आंकडा व शेरा एवढे रकाने पुरतात. नवी मोटार सोडली त्या दिवशीं पहिली ओळ लिहावी, नंतर खरीप व रब्बी दोन्ही हंगामांच्या आरंभीं एकेक. मेगरचा आंकडा वर्षानुवर्षें ५०, २०, ८, ३ असा उतरत चालला तर मोटार काढण्याचा दिवस आपण निवडतां येतो. ऐन पाळीच्या वेळीं ती आपल्याला निवडीत नाहीं. हा तक्ता पेटीच्या दाराच्या आंतल्या बाजूस प्लॅस्टिकच्या पिशवींत घालून लावावा, आणि त्यावर शिसपेन्सिलीनेंच लिहावें. शाई पावसाळ्याच्या दमट हवेंत फुटते व आंकडे वाचतां येत नाहींत.